हवं-नको

सकाळी आठच्या सुमाराला परळला टाटा हॉस्पिटलच्या बाजूनं चालत गेलं की फूटपाथवर संसार आवरायची लगबग दिसते. निळ्या प्लॅस्टिकची घडी होत असते, रेलिंगवर टॉवेल वाळत असतो, कुणी बादलीतल्या तांब्याभर पाण्यात तोंड धूत असतं. आणि प्रत्येकाच्या उशाशी एक गोष्ट हमखास असते, ती म्हणजे रिपोर्टांची पिशवी. कुणी बिहारहून, कुणी बंगालहून, कुणी आपल्या बीड-नांदेडकडून आलेलं. पेशंटची केमो चालू, मुंबईत ओळखीचं कुणी नाही, लॉज परवडत नाही आणि धर्मशाळेत अजून नंबर लागलेला नाही. मग उरतो फूटपाथ.

या माणसांना मदत मिळते. पुरते असं मी म्हणणार नाही, पण मिळते. दुपारी डबे येतात, थंडीत चादरी येतात, पाऊस आला की समोरच्या इमारतीचा वॉचमन जिन्याखाली उभं राहू देतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या पेशंटांना आसरा देते, परळमध्येच नाना पालकर स्मृती समिती बाहेरगावच्या रुग्णांची राहण्याची सोय करते. कितीदा तरी मी पाहिलं आहे, एखादा माणूस गाडी थांबवून उतरतो, पिशवीकडे बघतो, "कुठून आलात? कुणाला आहे?" म्हणून विचारतो आणि पाकीट काढतो.

तिथून थोडं पुढे चाललं की उड्डाणपूल लागतो. पुलाखालीही तेच निळं प्लॅस्टिक, तसाच वाळत घातलेला टॉवेल, तशीच बादली. फक्त रिपोर्टांची पिशवी नाही. इथं कुणी गाडी थांबवून उतरत नाही. सिग्नलला गाडी थांबते, तेव्हा काच वर जाते.

रोज या रस्त्यानं जाताना मला हा प्रश्न पडतो. उघड्यावरची रात्र दोघांचीही तीच, डास तेच, पहाटेची ओल तीच. मग एकाला बघून हात पाकिटाकडे जातो आणि दुसऱ्याला बघून काच वर करायला जातो, हे कशानं होत असेल?

एक उत्तर लगेच सुचतं. टाटाच्या फूटपाथवर कारण डोळ्यांना दिसतं. ती पिशवी म्हणजे एक दाखलाच असतो की या माणसाचा काही दोष नाही, आजारानं याला इथं आणलं आहे. आणि कॅन्सर कुणालाही होतो, उद्या आपल्याही घरी येऊ शकतो, ही भीती प्रत्येकाच्या मनात असते. पुलाखालच्या माणसाकडे असा दाखला नसतो. मग त्याचा दाखला आपणच लिहून टाकतो. दारू पीत असेल. कामाचा कंटाळा असेल. यांच्या टोळ्या असतात म्हणे. सिग्नल हिरवा व्हायच्या आत आपलं लिहून झालेलं असतं. असं करणारी माणसं दुष्ट असतात असं मला वाटत नाही. समोरचं दुःख आपल्याच्यानं निस्तरणार नाही असं वाटलं की मन त्याला कारण चिकटवून मोकळं होतं. मीही ते केलेलं आहे.

पण न विचारता लिहिलेलं कारण किती खोटं असू शकतं, हे पाहायचं तर सुप्रीम कोर्टाचा 1985 सालचा ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल वाचावा. 1981 च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, मुंबईच्या फूटपाथांवरच्या झोपड्या उठवायला सुरुवात झाली आणि प्रकरण कोर्टात गेलं. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेला हा निकाल कायद्याच्या वर्गात शिकवतात, कारण पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं त्यात म्हटलं आहे. मला मात्र त्यातला एक अर्जदार विसरता येत नाही. संगमनेरचा माणूस. गावात चपला-जोडे शिवून दिवसाला सात-आठ रुपये मिळवणारा. घर पडलं आणि 1969 मध्ये तो मुंबईला आला. महिना 350 रुपयांवर बदली कामगार म्हणून लागला. राहायला जागा मिळाली ती तुळशीवाडीच्या फूटपाथवर, आणि तीसुद्धा फुकट नाही. त्या फूटपाथसाठी त्यानं एका गुंडाला 300 रुपये मोजले.

जवळजवळ महिन्याचा पगार देऊन माणूस फूटपाथवर राहायला जातो. का, तेही त्या निकालात आहे. काम जिथं मिळतं तिथून लांब राहायचं तर जायला-यायला वेळ आणि पैसे लागतात, आणि तेवढे या माणसांकडे नसतात. कोर्टानं झोपड्या कायमच्या वाचवल्या नाहीत. पावसाळा सरेपर्यंत हात लावू नका, असं मात्र सांगितलं. पण या माणसाला कुणी तरी बसवून विचारलं, कुठून आलास, काय करत होतास, इथं कसा आलास, आणि ते लिहून घेतलं, म्हणून आज इतक्या वर्षांनी परळच्या एका बाईला त्याचा कळवळा येऊ शकतो. रस्त्यात दिसला असता तर मीही पुढे निघून गेले असते.

आपण पुढे निघून जातो त्यात निर्दयपणापेक्षा घाईचाच वाटा मोठा असतो. अमेरिकेत प्रिन्स्टनला जॉन डार्ली आणि डॅनिएल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. पाद्री होण्यासाठी शिकणारे 40 विद्यार्थी. त्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषणासाठी पाठवलं. वाटेत एक माणूस दारात खाली कोसळून बसलेला, खोकतो आहे, कण्हतो आहे. काही विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की भरपूर वेळ आहे, काहींना सांगितलं की उशीर झालाय, लोक खोळंबलेत. वेळ असलेल्यांपैकी 63 टक्के थांबले. फार घाईत असलेल्यांपैकी 10 टक्के. एकूण विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना भाषण द्यायचं होतं तेही कशावर, तर वाटेत घायाळ पडलेल्या परक्या माणसाला उचलणाऱ्या प्रवाशाच्या बायबलमधल्या कथेवर! त्या विषयानं फारसा फरक पडला नाही. फरक पाडला तो घाईनं.

आठ-बावन्नची लोकल धरायला निघालेल्या मुंबईला हा प्रयोग समजावून सांगायची गरज नाही. आमच्या पुलाखालच्या माणसांना खरी मदत कोण करतं हे बघितलं तरी तेच दिसतं. कोपऱ्यावरचा चहावाला करतो, फुलवाली करते, रात्रपाळीचा वॉचमन करतो. ती काही जास्त पैशांची माणसं नव्हेत. ती दिवसभर तिथंच असतात, त्यांना पुढे जायचं नसतं, एवढंच. पालिकेची गाडी येऊन फूटपाथवरचं सामान उचलून न्यायला लागली की चहावाला दोन-तीन बोचकी आपल्या टपरीमागे ओढून घेतो. त्या बोचक्यांत आधारकार्ड असतं, गोधडी असते, एखाद्या मुलाचा शाळेचा दाखला असतो. इतकी मोठी मदत मी आजवर कुणाला केलेली नाही.

प्रिन्स्टनमध्येच पुढे लसाना हॅरिस आणि सुझन फिस्क यांनी केलेलं काम मला याहूनही जवळचं वाटतं. त्यांनी लोकांना निरनिराळ्या माणसांचे फोटो दाखवले आणि त्या वेळी मेंदूत काय हालचाल होते ते यंत्रावर पाहिलं. दुसऱ्या माणसाच्या मनाचा विचार करताना मेंदूचा जो भाग एरवी जागा होतो, तो बेघर माणसाचा फोटो पाहताना जवळजवळ जागाच होत नव्हता. डोळ्यांना माणूस दिसत होता, मन मात्र त्याला माणसात मोजत नव्हतं. हे 2006 चं. हादरवून टाकणारी गोष्ट आहे. पण पुढच्या वर्षी त्यांनी दाखवून दिलं की हा भाग जागा करायला फार काही लागत नाही. फोटोबरोबर एक साधा प्रश्न विचारायचा. या माणसाला ही भाजी आवडत असेल का?

बस. भाजी आवडेल की नाही. तेवढ्यानं तो भाग जागा होतो. कारण त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर त्याला जीभ आहे, आवड आहे, नावड आहे, हे आधी कबूल करावं लागतं.

हे वाचलं तेव्हा मला आपला एक शब्द आठवला, हवं-नको. पाहुणा आला की त्याचं हवं-नको बघायचं, बाळंतिणीचं बघायचं, म्हाताऱ्या सासऱ्यांचं बघायचं. किती लहानपणापासून आपण हा शब्द ऐकतो! नुसतं 'हवं' बघून भागत नाही, 'नको'सुद्धा बघायचं असतं. ज्याला नको म्हणता येतं, तोच आपल्या घरचा असतो.

पुलाखाली एक आजोबा बसायचे. उजव्या पायाला कायम फडकं गुंडाळलेलं. एकदा सकाळी मी त्यांच्यापुढे बिस्किटांचा पुडा आणि कटिंग ठेवला. त्यांनी दोन्ही गोष्टी हळूच माझ्याकडे सरकवल्या. "नको ताई," एवढंच म्हणाले. मला राग आला. घरी आल्यावर मी यांना सांगितलं, "माजलेत लोक." तो शब्द माझ्या तोंडून गेला आहे आणि तो मला अजून टोचतो. चार दिवसांनी चहावाल्यानंच सांगितलं, "काकू, त्यांना शुगर आहे. पायाची जखम भरत नाहीये. पण जो येतो तो बिस्किटं नि गोड चहाच देतो."

आमच्या घरीही शुगर आहे. यांच्या ताटात भात किती, चहात साखर किती, आंब्याची फोड किती जाड, हे मी डोळ्यांत तेल घालून बघते. दुसऱ्या कुणाच्या 'नको'ला आजाराचं कारण असू शकतं हे मला कळायला हवं होतं. ते कळलं नाही, कारण फूटपाथवरच्या माणसाला भूक असते एवढंच मी धरून चालले होते. त्याला पथ्यही असू शकतं हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. त्यानंतर मी त्यांच्यासाठी ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी नेऊ लागले. आजोबांनी पहिल्यांदा भाकरी उघडली तेव्हा बराच वेळ नुसता वास घेतला. मग म्हणाले, "भाजी मेथीची आणत जा. पालक नको." त्या वेळी मला राग आला नाही. उलट इतकं बरं वाटलं की काय सांगू.

त्याच पुलाखाली एक मावशी राहतात. जालन्याकडच्या. लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासायला जातात, लग्नसराई नसली की लसूण सोलायचं काम घेतात. त्यांना मी सरळच विचारलं, "मावशी, काय आणू तुम्हाला?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "सुट्टे आहेत का? पाचाची नाणी?" मला वाटलं, चहाला हवे असतील. त्यांनी रस्त्यापलीकडच्या शौचालयाकडे हनुवटी केली. एका वेळेला पाच रुपये. आंघोळीचे निराळे. रात्री ते बंद होतं, म्हणून संध्याकाळनंतर त्या पाणी पीत नाहीत. वैशाखातसुद्धा नाही.

"जेवण मिळतं हो ताई," त्या म्हणाल्या. "जेवण काय, कुणीबी देतं. खाल्ल्यावर जायचं कुठं, ते कुणी इचारत नाही."

मावशींचं बोलणं खोटं नाही. सर्वपित्री अमावस्येला या पुलाखाली चार-चार ठिकाणांहून जेवण येतं. वाढदिवसाला येतं, नवस फेडायला येतं. दुपारपर्यंत पुरी-भाजीचे द्रोण साठतात आणि संध्याकाळी भात आंबून जातो. दुसऱ्या दिवशी काहीच नसतं. देणाऱ्यांच्या श्रद्धेला मी नावं ठेवत नाही. आमच्याही घरी वाडी दाखवतात, पान वाढतात. पण तिथीनं आलेल्या जेवणात खाणारा कोण हे महत्त्वाचं नसतं, तिथी महत्त्वाची असते. वाढणारा पुढच्या पानाकडे निघालेला असतो आणि मागच्या पानावरचा माणूस काही तरी बोलू बघत असतो.

मी लग्न होऊन परळच्या चाळीत आले तेव्हा गिरण्या चालू होत्या. आमच्या मजल्यावर एक बैठकीची खोली होती. कोकणातल्या एकाच गावचे वीस-पंचवीस पुरुष त्या एका खोलीत राहायचे. म्हणजे ट्रंका आणि वळकट्या तिथं राहायच्या, माणसं पाळीप्रमाणे झोपायची. उन्हाळ्यात तर निम्मे जण वळकटी काखेत मारून खाली फूटपाथवरच जायचे. माझे सासरे स्वतः मुंबईत पहिली दोन वर्षं असेच झोपले होते, ते ही गोष्ट सगळ्यांसमोर सांगायचे, लाज वाटून घ्यायचे नाहीत. त्यामुळे फूटपाथवर झोपलेला माणूस म्हणजे कुणी निराळ्या जातकुळीचा, असं त्या वेळी चाळीत कुणाला वाटत नसे. रात्रपाळीहून येणारा माणूस झोपलेल्यांच्या अंगावर पाय पडू नये म्हणून चपला हातात घेऊन यायचा. खानावळवाल्या काकू उरलेली आमटी कुणाला द्यायची ते नावानिशी सांगायच्या. 1982 च्या जानेवारीत संप सुरू झाला, अडीच लाख कामगारांच्या चुली थंडावल्या, आणि खानावळवाल्या बायकांनी महिनोन् महिने उधारीवर जेवायला घातलं. ती माणसं आपली म्हणून घातलं. त्यांना कोणती भाजी आवडते हे या बायकांना माहीत होतं.

आता चाळीच्या जागी टॉवर झाले. सासऱ्यांची ती गोष्ट सांगणारं कुणी उरलं नाही. माझ्या नातवाला त्याचे पणजोबा फूटपाथवर झोपायचे हे सांगितलं तेव्हा त्याला ते खरंच वाटेना. मला वाटतं, पुलाखालच्या माणसाबद्दलची आपुलकी आटली त्यात या विसरण्याचाही वाटा आहे. ज्या घरात ही आठवण जिवंत आहे, त्या घरातला माणूस अजून थांबतो.

दादरच्या धर्मशाळेला ज्यांचं नाव आहे ते गाडगेबाबा हे स्वतः जगलेले. वऱ्हाडातल्या शेंडगावी 1876 मध्ये जन्मलेले डेबूजी. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मातीचं गाडगं. नव्या गावात लोक त्यांना भिकारीच समजायचे आणि तसंच वागवायचे. दारातून हाकलून देताना माणसाचा चेहरा कसा होतो, हे त्यांनी समोरून पाहिलेलं होतं. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथं त्यांनी धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरला इतरांच्या दारात ज्या वारकऱ्यांना शिवताशिवतीमुळे जागा मिळत नसे त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या संस्थेच्या हवाली केली. त्यांच्या दशसूत्रीत बेघरांना आसरा आहे, भुकेल्यांना अन्न आहे, तहानलेल्यांना पाणी आहे, प्रत्येकाची गरज वेगळी मोजलेली आहे. आणि त्यांचं कीर्तन कसलं, तर प्रश्नांचं. समोरच्या साध्या माणसांना ते विचारत जायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून घ्यायचे. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री गावाला प्रश्न विचारायचे. माणसाला विचारलं की तो हलतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असणार.

28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री जनगणनेचे लोकही प्रश्नांचे कागद घेऊन देशभरच्या फूटपाथांवर, पुलांखाली, स्टेशनांबाहेर फिरले. ज्यांना घर नाही त्यांची मोजणी त्या एका रात्रीत होते. देशात सुमारे 17 लाख 70 हजार भरले, महाराष्ट्रात 2 लाखांच्या वर, मुंबईत सुमारे 57 हजार. त्या रात्री कुणी तरी खाली वाकून यातल्या प्रत्येकाला त्याचं वय विचारलं असेल, गाव विचारलं असेल. त्याच सुमाराला सुप्रीम कोर्टानं शहरात लाख वस्तीमागे एक तरी निवारा असावा असं सांगितलं. निवारे झालेही, थोडे झाले. पुलाखालच्या एका जोडप्याला मी विचारलं, तिकडे का जात नाही? नवरा म्हणाला, तिथं बायका निराळ्या, पुरुष निराळे. हिला रात्री फिट येते, मी जवळ लागतो. हे 'नको'सुद्धा आजोबांच्या बिस्किटांसारखंच. विचारल्याशिवाय मला ते कळलं नसतं.

आता माझ्या बटव्याच्या एका कप्प्यात पाचाची नाणी असतात. भाजीवालीकडून, रिक्षावाल्याकडून मागून साठवते. परवा मावशींना द्यायला गेले. त्या लसूण सोलत बसल्या होत्या, पुढ्यात सालांचा ढीग. मी बटवा उघडला तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"आज नको ताई. कालची शिल्लक हाईत." मग कडेच्या खांबाकडे बघून आवाज खाली घेतला. "ती पोरगी नवीन आलीय. दोन दिवस झाले, कुणाशी बोलंना. तिला इचारा की काय पायजे ते."

खांबाला टेकून, गुडघ्यांत डोकं घालून एक मुलगी बसली होती. वीसेक वर्षांची असेल. शेजारी पिशवी नव्हती, बोचकं नव्हतं. कुणी तरी ठेवून गेलेला वडापाव कागदात तसाच होता. मी पायरीवर तिच्या शेजारी बसले.

"बाळा, खाल्लं का नाहीस? आवडत नाही का तुला?"

तिनं मान वर केली.